चार मिलिमीटर रस्ता

१

मी काय काम करते असं कुणी विचारलं की मी सांगते, जगाचा नकाशा करते. लोक ‘अरे वा’ म्हणतात. मग मी खरं सांगते, की सगळ्या जगाचा नाही, त्याच्या एका तुकड्याच्या एका कडेचा. मग लोक विषय बदलतात. माझ्या नणंदेनं तर एकदा पाहुण्यांना माझी ओळखच ‘आमची वहिनी कडेला असते’ अशी करून दिली होती.

त्याचं असं आहे. बरेच देश मिळून जगाचा एकच मोठा नकाशा काढतात. एकच प्रमाण, एकच रंग, रेषांची जाडी एकच. नदी कुणाचीही असो, निळा तोच. प्रत्येक देशानं आपापले चौकोनी तुकडे काढायचे. त्यांना आम्ही शीट म्हणतो. सगळ्या शीट शेजारी शेजारी मांडल्या की झालं जग तयार. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे देशसुद्धा यात गुण्यागोविंदानं नांदतात, कारण भांडायला वेळच नसतो. सगळे रेषांची जाडी मोजत बसलेले असतात.

माझं काम कड जुळवायचं. आमच्या शीटवर कडेपर्यंत आलेला रस्ता शेजारच्या देशाच्या शीटवर बरोबर तिथूनच पुढे निघाला पाहिजे. आमच्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, त्यामुळे मला शिंक आली की कुणाची तरी नदी जाते. बावीस वर्षांत माझ्यापायी तीन गावं कोरडी पडली. छापण्याआधी सापडली, म्हणून नोकरी आहे.

शेजारच्या देशात माझ्यासारखीच एक बाई आहे. दर मंगळवारी अकराला तिचा फोन येतो. ती कडेवरचं एकेक वरून खाली वाचते, मी माझ्या शीटवर खुणा करते.

“रस्ता, पक्का.”

“आहे.”

“ओढा.”

“आहे. कोरडा दाखवलाय.”

“कोरडाच आहे गं, माझ्या गुडघ्यासारखा. वंगण म्हणून उरलं नाही.”

चौदा वर्षं असं चाललंय. एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. मी तिला ‘पलीकडची’ म्हणते आणि ती मला ‘पलीकडची’ म्हणते. खरं तर मी अलीकडची, पण हे तिला चौदा वर्षांत पटलेलं नाही.

२

या वेळची आवृत्ती नव्यानं काढायची होती. तिची पारदर्शक फिल्म आली. मी ती काचेच्या टेबलावर ठेवली, खालचा दिवा लावला, शेजारी आमची फिल्म सरकवली आणि वरच्या-खालच्या खुणा जुळवल्या.

दोघींच्या मध्ये दोन मिलिमीटर पांढरी जागा राहिली.

आधी मी चष्मा पुसला. हे मी नेहमी आधी करते, कारण दहातल्या नऊ वेळा चूक चष्म्याचीच असते. मग पट्टी घेतली. दोन मिलिमीटर. आमच्या शीटच्या बाकीच्या तिन्ही कडा शेजाऱ्यांशी चपखल बसत होत्या. तिच्याही बसत होत्या. आमच्या दोघींच्या शीटवर कडेच्या रेखांशाचा आकडा एकच होता. म्हणजे दोन्ही देश एकाच रेषेवर संपत होते आणि तरी मध्ये दोन किलोमीटर उरत होते.

“तुमची फिल्म आटलीय,” मी फोनवर म्हटलं.

“अय्या, तुमची आटली असेल. आमच्याकडे हवा दमट आहे. आमचं काही आटत नाही, कपडेसुद्धा वाळत नाहीत.”

दोघी खूप हसलो. दोघींनी नव्या फिल्म काढल्या. पुढच्या मंगळवारी पुन्हा मांडल्या.

तीन मिलिमीटर.

माझ्या खोलीत एक पंखा आहे, तो कुरकुरतो. खिडकीतून समोरच्या शाळेची घंटा ऐकू येते. त्या दिवशी मी त्या पांढऱ्या फटीवर वाकून बघत होते तेव्हा ना पंखा ऐकू येत होता ना घंटा. मान वर केली की दोन्ही ऐकू यायचे. मी तीन-चार वेळा मान खालीवर केली. दारातून साहेब बघत होते, हे नंतर कळलं. त्यांनी मला मानेच्या व्यायामासाठी डॉक्टरांचा पत्ता दिला.

३

माझा नवरा लांबच्या पल्ल्याची बस चालवतो. आठवड्यातून दोनदा तो पलीकडच्या देशात जातो. सोमवारी आणि गुरुवारी निघतो, तिकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या ठोक्याला घरी. सासूबाई त्याच्या येण्यावर घड्याळ लावतात.

त्या आठवड्यात तो उशिरा आला. फार नाही, चार-पाच मिनिटं. पण सासूबाईंनी लगेच घड्याळ पुढे गेलंय म्हणून मागे केलं.

“रस्ता वाढलाय,” तो हात धुताना म्हणाला.

“वजन वाढलंय ते सांग आधी.”

“नाही गं, खरंच. सीमेवरचा आपला नाका आणि त्यांचा नाका, मध्ये चार किलोमीटर. वीस वर्षं चारच आहेत. आज सात भरले.”

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. चार आणि तीन. मी शाळेत गणितात काठावर पास होणारी बाई, पण एवढं मलाही येतं.

“मीटर बिघडला असेल,” मी म्हटलं.

“असेल. डेपोत दाखवला. म्हणाले, ठणठणीत आहे.”

“काय दिसतं तिथे?”

तो जरा थांबला. माझा नवरा कधी थांबत नाही. त्याला विचारलं नाही तरी तो सांगतो.

“काही नाही. सपाट. गवत नाही, दगड नाही, खांब नाही. टायरचा आवाज बंद होतो. बसमधले बोलायचे थांबतात. आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.”

“का?”

“कडेला थांब्यावर माणसं उभी दिसली की जातो तसा. सवयीनं. नीट बघायला गेलं तर कुणीच नसतं.” मग तो हसला. “तुमच्या नकाशात थांबा राहिलाय बहुतेक, नकाशेवाल्या बाई!”

मी पण हसले. त्या रात्री मला छान झोप लागली असं मी सगळ्यांना सांगितलं.

४

पुढच्या मंगळवारी ती पांढरी पट्टी चार मिलिमीटर झाली आणि बुधवारी साहेबांनी मला बोलावलं.

“बाई, सगळ्या जगाच्या कडा जुळल्या. तुमची एक राहिली. सोमवारी अकरा देशांची माणसं येणार, जग भिंतीवर लावून बघणार. शुक्रवारी अकराच्या आत फिल्म छपाईकडे गेली पाहिजे.”

“साहेब, मध्ये जागा उरतेय.”

“मग नियम काय सांगतो? फरक निम्मा-निम्मा. दोन मिलिमीटर तुम्ही सरका, दोन त्या सरकतील. दोघींच्या सह्या. इतके देश इतकी वर्षं हेच करतायत.”

नियम खरंच तसा आहे. कड जुळत नसेल तर कोण चुकलं हे शोधायचं नाही. दोघांनी अर्धं अर्धं चुकायचं आणि गप्प बसायचं. संसारात पण मी हाच वापरते.

मी पलीकडचीला फोन लावला. मंगळवार नसताना मी पहिल्यांदाच लावत होते.

“ऐक. शुक्रवारी सकाळी माझा नवरा तुमच्याकडून परत निघतोय. नऊच्या सुमाराला तो त्या चार किलोमीटरमध्ये असेल.”

“बरं मग?”

“मग काही नाही. माझं डोकं फिरलंय. पण तो अलीकडे आल्याचा फोन येईपर्यंत मी ती पट्टी मिटवणार नाही. भले साहेब ओरडू देत.”

ती हसेल म्हणून मी वाट बघत होते. ती हसली नाही.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “आत माणूस असताना मिटवायचं नाही.” मग म्हणाली, “तुला सांगू? जमीन बघितल्याशिवाय मी आजवर एक सही केली नाही. इथेच तेवढी करावी लागणार. मनाला फार लागलंय बघ.”

“जाऊ दे गं. सही काय, चार अक्षरं.”

हे मी म्हटलं. माझ्याच तोंडानं.

गुरुवारी तिची सरकवलेली फिल्म आली. खाली सही होती. नेहमीपेक्षा बारीक.

५

शुक्रवारी नऊपासून मी फोनसमोर बसले. पंखा कुरकुरत होता. नऊ पस्तीसला फोन आला.

“ओलांडली,” नवरा म्हणाला. “आपल्या नाक्यावर आहे. चहा घेतोय.”

“तू ठीक आहेस?”

“मी ठीक, बस ठीक.”

“आणि माणसं?”

“घोरतायत. ठेव आता, चहा निवतोय.”

जीव भांड्यात पडला. मी बाहीनं टेबल पुसलं, दिवा लावला आणि दोन्ही फिल्म एकमेकींकडे सरकवायला घेतल्या. पांढरी जागा तीन झाली, दोन झाली, एक झाली. मग रेघेएवढी उरली.

तिथे अडकली.

मी फुंकर मारली, धूळ असेल म्हणून. खालून बोट फिरवलं. काही नव्हतं. पण फिल्म पुढे जाईना. आपण दार लावतोय आणि कुणीतरी मध्ये पाय घातलाय, असं वाटत होतं. मी म्हटलं, बाई, फिल्मला कुठून आले पाय? दोन्ही अंगठे टेकवले आणि दाबलं.

टक् असा आवाज झाला. कड कडेला बसली. आमचा रस्ता त्यांच्या रस्त्यात असा गेला की कुठे जोड होता ते मलाही दिसेना. बावीस वर्षांतलं सगळ्यात सुंदर काम. चिकटपट्टी लावली, सही केली आणि दहा चाळीसला फिल्म छपाईकडे पाठवून अर्धी रजा टाकली. जाताना बेकरीतून केक घेतला.

६

एकच्या ठोक्याला बेल वाजली. सासूबाईंनी घड्याळाकडे बघून मान डोलावली. मी नवऱ्याला दारातच मिठी मारली. तो गांगरलाच. बारा वर्षांत अशी पद्धत राहिलेली नव्हती.

“केकपण?” तो म्हणाला. “माझा वाढदिवस आहे का?”

“खा मुकाट्यानं.”

खाता खाता म्हणाला, “गंमत ऐक. दुपारच्या बसवाल्याचा आत्ता फोन होता. आपल्याकडून तिकडे जातो तो. त्याला दोन नाक्यांमध्ये चारच किलोमीटर लागले. म्हणाला, तुझ्याच मीटरमध्ये भूत आहे.” मग कपाळावर हात मारला. “अरे, ती बाई चढली का ते विचारायचं राहिलंच.”

“कोण बाई?”

“सकाळी तिकडून बसली होती. तुझ्याच वयाची. काखेत एक लांब नळी. बरोबर त्या मोकळ्या जागेत आलो आणि म्हणाली, भावोजी, इथेच उतरवा. मी म्हटलं, बाई, इथे काही नाहीये. म्हणाली, तेच तर बघायचंय, दुपारच्या बसनं माघारी जाईन. मी कसला हिचा भावोजी? मला वाटलं, थट्टेखोर आहे बाई.”

सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, पडशील, खाली बस.”

“फोनवर का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“अगं, चहा निवत होता.”

मी तिच्या ऑफिसात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, “मॅडम आज रजेवर आहेत. काल जाताना खूश होत्या. म्हणाल्या, सही केलीय, पण एकदा पाय ठेवून येते.”

एवढी मी जन्मात पळाले नसेन. एक चप्पल जिन्यातच राहिली. छपाईच्या खोलीत पोचले तेव्हा मशीन सुरू व्हायला पाच मिनिटं होती. मी फिल्म मागितली, टेबलावर टाकली, चिकटपट्टी नखानं काढली आणि दोन्ही तुकडे ओढून वेगळे केले. मोजपट्टी लावली. बरोबर चार मिलिमीटर.

“हे काय चाललंय?” साहेब मागे उभे होते.

“कड जुळलेली नाही, साहेब.”

“मी स्वतः बघितली. जुळली होती.”

“मी सही मागे घेते. अशीच छापा.”

आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट वाक्य नाही. साहेब माझ्याकडे बघत राहिले, मग माझ्या एका अनवाणी पायाकडे. बहुधा पायामुळेच त्यांनी वाद घातला नाही.

७

सोमवारी जग भिंतीवर लागलं. हॉलभर पसरलेलं, एका रंगाचं, एका मापाचं. आणि त्यात एक पांढरी फट. अकरा देशांची माणसं एकामागून एक तिच्यापाशी येऊन थांबली. भिंगं निघाली. कुजबुज झाली. शेवटी त्या फटीसाठी एक आंतरराष्ट्रीय समिती नेमली. तिची पहिली बैठक पुढच्या वर्षी आहे, त्यामुळे तेवढे दिवस फटीला कुणी हात लावणार नाही. माझी बढती गेली. नणंद म्हणाली, “वहिनी, तू तर आता कडेच्याही कडेला.”

हसले मी. पण पलीकडचीच्या बहिणीचे फोन यायचे, तेव्हा हसू यायचं नाही. “ताई शेवटची तुमच्याशीच बोलली होती ना?” ती विचारायची. पलीकडच्यांनी नाक्यापासून नाक्यापर्यंत पायी शोधलं होतं. चार किलोमीटरच भरले म्हणाले. बसला मात्र आठ लागत होते. याचा मी विचार करायला बसायची आणि उठायची.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो केक खाल्ल्याबद्दल दोन दिवस स्वतःला दोष देत होता. मग म्हणाला, “उतरवलं मी, चढवीनही मीच.” दर फेरीला तो त्या जागेत बस थांबवायचा, दार उघडायचा आणि घड्याळ लावून दोन मिनिटं बसायचा. उतारू विचारायचे. तो सांगायचा, इंजिन तापलंय.

सोमवारी कुणी नाही. मंगळवारी नाही. गुरुवारी, शुक्रवारी नाही. मंगळवारी अकराला मी फोनसमोर बसले आणि साडेअकराला उठले.

चौदाव्या दिवशी, शुक्रवारी, सव्वाला बेल वाजली. दारात नवरा होता आणि त्याच्या खांद्याआडून एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई डोकावत होती. काखेत नळी. मी तिला उंच समजत होते.

“रस्ता, पक्का,” ती म्हणाली.

“आहे,” मी म्हटलं आणि भोकाड पसरलं.

आधी तिच्या बहिणीला फोन लावून दिला. तिकडचं रडणं माझ्या सासूबाईंना स्वयंपाकघरात ऐकू आलं. पलीकडची मात्र बुचकळ्यात पडली होती. “अगं, दोन मिनिटं तर उभी होते मी. एक बस गेली, दुसरी आली. चौदा दिवस कसले?” मग पाय झाडून बघितला. “गुडघा मात्र मस्त झालाय!” सासूबाईंना ती इतकी आवडली की त्यांनी नवा टी-सेट काढला, जो मला लग्नापासून फक्त पुसायला मिळाला आहे.

मी आत चहा गाळत होते, तर नवरा मागे येऊन उभा राहिला. आवाज बारीक करून म्हणाला, “ती चढली तेव्हा बस खाली गेली. जड माणूस चढल्यावर जाते तशी.”

“ती कुठे एवढी जड आहे?”

“तेच तर. ती येऊन माझ्या मागे बसली. तरी बस खाली जात राहिली. थोडी, मग अजून थोडी. आरशात बघितलं तर दारात कुणी नाही. मागची बाकं मोकळी. पण त्यांच्या गाद्या दबलेल्या होत्या.”

“मग?”

“मग काय? दार लावलं आणि निघालो.”

“आणि इथे डेपोत?”

“दार उघडलं. ती उतरली. मी टाकीचं झाकण बघायला मागे गेलो, तर बस हळूहळू वर येत होती.” त्यानं बशी हातात घेतली आणि परत ठेवली. “बराच वेळ येत होती.”

आम्ही दोघं बाहेर आलो. पलीकडची खुर्चीत पाय हलवत बसली होती, आपल्याच घरी असल्यासारखी. तिनं कप घेतला, एक घोट घेतला, डोळे मिटून ‘वा’ म्हणाली.

“ती पट्टी एवढ्यात मिटवू नकोस हं,” ती म्हणाली.

“का गं?”

“सगळे कुठे एका फेरीत मावणार?”

सासूबाईंना अर्धवटच ऐकू येतं. त्या कौतुकानं म्हणाल्या, “अगं बाई, अजून पाहुणे यायचेत? येऊ देत की. किती जण?”

पलीकडचीनं कप खाली ठेवला, उघड्या दाराकडे पाहिलं आणि हसत हसत बोटांवर मोजायला लागली. एक हात संपला. दुसरा संपला. तिनं पुन्हा पहिल्या हातापासून सुरुवात केली.